वाढत्या अंगाचा अंगरखा

१

"मास्तर, या खेपेला अंगरखा जरा वाढत्या अंगाचा शिवा," गुरुजी बाबांना म्हणाले.

मी माझ्या मशीनवर होते. पोरांचे गणवेश शिवायला टाकणाऱ्या आया हे वाक्य दिवसातून दहादा म्हणतात. वाढत्या अंगाचं शिवा, म्हणजे शिवणीत कापड जास्त सोडा, पोरगं वाढलं की उसवून सैल करता येईल. त्यामुळे मी न बघताच मान डोलावली आणि टीप मारत राहिले. मग माझा पाय थांबला. गुरुजींना मूलबाळ नाही. आमच्याकडून ते अंगरखा शिवून घेतात तो फक्त एकाचा, भिंतीपलीकडच्या गाभाऱ्यातल्या देवाचा.

"कुणाच्या वाढत्या अंगाचा?" मी विचारलं.

"देवाच्या."

"गुरुजी, देव दगडाचा आहे."

"हो ना, दगडाचाच आहे," ते म्हणाले. वाद घालायचा नाही अशा सुरात. "पण मागचा काखेत काचत होता."

"काचत होता? तक्रार कुणी केली?"

मी हसले. बाबा हसले नाहीत, आणि आश्चर्य म्हणजे रागावलेही नाहीत. एरवी देवाबद्दल मी ब्र काढला तरी घरात दोन दिवस तोफखाना सुरू असतो. त्यांनी गळ्यातला टेप काढला, त्याची गुंडाळी केली, सोडली आणि पुन्हा गळ्यात टाकला.

"चार बोटं सोडतो," ते म्हणाले.

"पाच सोडा," गुरुजी म्हणाले आणि चपला घालायला खाली वाकले.

२

आमचं दुकान म्हणजे देवळाच्या मागच्या भिंतीला चिकटलेली एक खोली. बाबांचं मशीन त्या भिंतीपुढे आहे. ते बसतात तेव्हा त्यांची पाठ भिंतीला असते आणि भिंतीच्या पलीकडे गाभारा. घंटा वाजली की आमच्या ताटलीतल्या टाचण्या थरथरतात. दिवा लावायचं बटण मी लहान असल्यापासून तुटलेलं आहे, पण ताटली मात्र दर वर्षी नवी येते, कारण थरथरून थरथरून जुनीचा टवका उडतो.

सगळी गल्ली देवळावर जगते. कोपऱ्यावर हारवाली मावशी, तिच्या शेजारी चपला सांभाळणारे आजोबा, पुढे समया घासून देणारे काका, ज्यांना सगळे लख्खूकाका म्हणतात. आणि आम्ही. कुणालाही विचारा, उत्तर एकच. आमचं पोट देवळावर आहे हो.

मला हे वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. मी पदवी घेतली ती काय देवाच्या अंगरख्याला काठ लावायला? दादा दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. त्याच्या घराला खिडक्या आहेत, खऱ्या, उघडणाऱ्या. तो फोनवर दर वेळी म्हणतो, बाबांना घेऊन ये. मी दर वेळी बाबांना म्हणते, चला.

"आपलं पोट इथे आहे," बाबा म्हणतात.

"बाबा, पोट आपल्याबरोबर येतं. ते वेगळं न्यावं लागत नाही."

"तोंडाचा पट्टा आवर आणि काज कर."

मी डावखुरी. लहानपणी बाबांनी माझा हात बदलायचा चंग बांधला होता. मी रडले, ते ओरडले, शेवटी कुठूनशी डावखुऱ्यांची कात्री घेऊन आले आणि माझ्यापुढे आपटली. त्यांनी आयुष्यात पत्करलेली ही पहिली हार. त्यांचा स्वतःचा उजवा खांदा जड कात्री धरून धरून उतरलाय. त्यांचा शर्ट बेतताना उजवीकडे उतार द्यावा लागतो.

"तुझा डावा उतरेल," ते कधी लाडात आले की म्हणतात. "मग कळेल."

आमच्या धंद्यात तोंडापेक्षा पाठ लवकर ओळखू येते. गल्लीतलं कुणीही पाठमोरं उभं करा, मी नाव सांगते. मावशीची पाठ कमरेतून डावीकडे झुकलेली, टोपली त्या बाजूला असते म्हणून. लख्खूकाकांच्या पाठीचे दोन फरे पंखांसारखे वर आलेले. आणि सगळ्यांची एक खोड सारखीच. माप घ्यायला टेप लावला की पोट आत घेतात. "श्वास सोडायला सांग," बाबांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हे. "गिऱ्हाईक पोट आत घेतं, कपडा तंग होतो आणि बोल आपल्याला लागतो."

३

गुरुजी अंगरखा सांगून गेले त्या आठवड्यात मावशी ब्लाउज घेऊन आली.

"मास्तरीणबाई, हा जरा आत घे गं. खांद्यावरून ओघळतोय."

"मावशी, हाच ना मी मागे आत घेतला होता?"

"त्याच्याआधीही घेतला होतास. हात वळत नाही तुझा नीट, दुसरं काय."

"माझा हात उत्तम वळतो. तू जेवत नाहीस."

"मी? अगं, माझा नवरा म्हणायचा, हिला पोसण्यापेक्षा हत्ती परवडला." ती हसली. हसताना ब्लाउज खरंच खांद्यावरून घसरला आणि तिने तो सवयीने वर ओढला. कितीतरी दिवसांची सवय असावी तसा.

मी ब्लाउज आतून उलटा केला. जुन्या टिपेच्या आत टीप, तिच्या आत टीप. शिवणीत इतकं कापड साठलं होतं की त्याची वळकटी झाली होती.

ती गेल्यावर मी दुरुस्तीचा गठ्ठा सोडला. चपलांच्या आजोबांची पँट, कंबर आत घ्यायची. लख्खूकाकांचे दोन शर्ट, आत घ्यायचे. उदबत्तीवाल्यांच्या सुनेचा कुर्ता, आत घ्यायचा. लग्न झाल्यापासून ती सुटली म्हणून सगळी गल्ली तिला चिडवत होती, आणि तिचाही आत घ्यायचा. सैल करायला एकही कपडा नव्हता. मी आठवून बघितलं. पोरांचे गणवेश सोडले, तर गल्लीतल्या कुणाचा कपडा मी शेवटचा सैल कधी केला होता?

आठवेना. सैल होत होता तो फक्त देवाचा अंगरखा.

माणसं म्हातारी होतात, आटतात, मी स्वतःला सांगितलं. देवाला तेल लागतं, लेप लागतो, थरावर थर चढत असतील. दोन्हीला कारण आहे. दोन्हीला वेगवेगळं कारण आहे. मग मी खिळ्याला टांगलेला देवाचा फर्मा खाली काढला. आजोबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, कापलेला जाड कागद. त्याच्या कडेला बाबांनी चिकटवलेली कागदाची पट्टी होती. तिच्या कडेला आणखी एक. उजव्या खांद्याशी पट्ट्या सगळ्यात रुंद होत्या, आणि तिथे रेघ खाली उतरली होती.

तो उतार माझ्या हाताला पाठ होता.

४

"उभे राहा," मी बाबांना म्हटलं.

"कशाला?"

"नवा शर्ट शिवायचाय तुम्हाला."

"आहेत की."

"बाबा, उभे राहा."

ते उभे राहिले. मी टेप लावला. त्यांनी पोटसुद्धा आत घेतलं नाही, इतके ते निवांत होते. खांदा, पाठ, बाही. माझ्या डोक्यात त्यांचं माप अनेक वर्षांचं आहे. टेप त्याच्या कितीतरी अलीकडे थांबला. मी पुन्हा लावला.

"चुकतेयस," बाबा म्हणाले. "डावखुरीचं माप."

"तुम्ही लहान झालायत."

"सगळेच म्हातारपणी लहान होतात."

"असे? इतके? आणि फक्त आपल्याच गल्लीत?"

मी त्यांना डॉक्टरकडे ओढून नेलं. डॉक्टरांनी वजन केलं, छाती ऐकली, वय विचारलं आणि म्हणाल्या, सगळं ठीक आहे, दूध वाढवा. परतताना बाबा विजयी मुद्रेने चालत होते. त्यांच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या असत्या. त्यांनी त्या दुमडल्या होत्या, अगदी व्यवस्थित, दोन्हीकडे सारख्या. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. या विचाराने मी भर रस्त्यात थांबले.

"तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं. "काय चाललंय ते माहीत आहे."

"मला शिवण माहीत आहे," बाबा म्हणाले. "एकीकडे आत घेतलं की दुसरीकडे कापड उरतं. चल, ऊन लागतंय."

त्यांच्या पिढीचं हेच मला सहन होत नाही. घर जळत असेल तर हे ऊब छान आहे म्हणतील.

अंगरखा बेतायचं काम माझ्याकडे होतं, कारण बाबांच्या बोटांना तेव्हा जड कात्री फार वेळ पेलत नव्हती. मी फर्म्याच्या सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या. आजोबांच्या मूळ कागदावर कापड ठेवलं आणि त्याच रेघेवर कापलं. पाच बोटं नाही, चार नाही, एक सूतभर नाही. तंग कपड्यात कुणी वाढत नाही, असं काहीतरी माझ्या मनात होतं. नीट विचार नव्हता तो. राग होता.

गुरुजी न्यायला आले आणि अंगरखा त्यांच्या हातात गेला, तेव्हा बाबांनी विचारलं, "सोडलंस ना?"

"नाही सोडलं. दगडाला कसलं आलंय वाढतं अंग?"

बाबांचा चेहरा खडूसारखा झाला. ते उठले, पण तोवर गुरुजी गल्लीच्या वळणावर पोचले होते.

५

थोड्याच वेळात गुरुजींनी मला हाक मारली. दुपारची वेळ, देऊळ बंद. देवळाच्या पायऱ्यांवरून त्यांनी हात हलवला.

"मुली, जरा ये. बंद बांधायचेत. माझी बोटं वळत नाहीत."

देवाचा अंगरखा पाठीमागे उघडा असतो. समोरून चढवायचा आणि मागे बंद बांधायचे. आमच्या घरातलं कुणी आजवर गाभाऱ्यात गेलेलं नव्हतं. शिवणाऱ्याने देव उघडा बघायचा नाही, असं बाबा म्हणत. म्हणूनच मी गेले.

गाभारा आमच्या दुकानापेक्षाही लहान होता. पुढे एक समई. गुरुजी समोर अंगरखा धरून उभे राहिले आणि मी देव आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरले. अंग चोरूनच शिरावं लागलं. ही भिंत म्हणजे आमची भिंत. तिच्यातून बाबांच्या मशीनची खडखड येत होती, अगदी माझ्या मणक्यापाशी.

आधी मी हात लावून बघितला. दगड थंड होता. थंड, तेलकट, कठीण. मला बरं वाटलं, इतकं बरं की मी मनात दादाला फोनसुद्धा लावला. मी खालचे बंद हातात घेतले आणि ओढले. मध्ये वीतभर अंतर राहिलं.

"पुरत नाहीत," मी म्हटलं. माझ्या आवाजात थोडा आनंदच होता.

गुरुजींनी समोरून अंगरखा आणखी दाबून धरला.

मी गुडघा टेकला, बंद मुठींना गुंडाळले आणि जोर लावला. कापड ताणलं, टाके कुरकुरले. आणि मग मी जे रोज म्हणते ते म्हणून गेले. ब्लाउजचा वरचा हूक लागत नसेल तर, पँटचं बटण काजापर्यंत पोचत नसेल तर, प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणते तेच. विचार न करता, सवयीने.

"जरा पोट आत घ्या."

बंद पुरले.

माझ्या हातांनी गाठ मारली. हात सवयीचे असतात, ते थांबले नाहीत. गाठ बसली, टोकं सारखी केली आणि मग मला कळलं की मी काय केलंय आणि काय झालंय.

मी वर बघितलं. पुढच्या समईच्या उजेडावर काळी कड तेवढी दिसत होती. देवाची पाठ. ती ताठ नव्हती. मानेपाशी वाकलेली होती, आयुष्यभर सुईकडे बघितलेल्या माणसाची असते तशी. उजवा खांदा उतरलेला. त्याच्या खाली दोन फरे पंखांसारखे वर आलेले. आणि त्याच्याही खाली, कमरेत, सगळी पाठ डावीकडे झुकलेली, जशी बाजूला टोपली असावी.

मी गल्लीतल्या सगळ्या पाठी ओळखते, असं सांगितलं ना.

"झाली गाठ?" गुरुजींनी समोरून विचारलं. त्यांचा आवाज दबलेला होता, दातांमधून येत होता. "मग आता लवकर सोड, पोरी. किती वेळ धरून ठेवतील?"

ठेवतील, असं ते म्हणाले. देवाला ते कधीच अहोजाहो करत नाहीत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझ्या पाठीमागची खडखड बंद झाली होती. दुपारीसुद्धा या गल्लीत काहीतरी वाजत असतं. मावशीचं पुटपुटणं, पितळेवर घासणारी चिंच, कुणाचं तरी खोकणं. काही नव्हतं. कानावर उशी दाबावी तशी शांतता होती.

मी गाठ ओढली. शिंप्याची गाठ, ती ओढल्यावर आणखी बसते. नखं लावली, नख मोडलं. कात्री दुकानात होती, भिंतीपलीकडे, हातभर अंतरावर. मी तोंड खाली नेलं आणि दातांनी गाठ उकलायला लागले. माझा गाल त्या पाठीला टेकला होता. दगड थरथरत होता. पोट आत धरून ठेवलेलं माणूस शेवटी शेवटी थरथरतं, तसा.

गाठ सुटली.

कापडातून एक लांब उसासा आला. कापडातूनच आला, असं मी आजही म्हणते. त्याच वेळी तसाच उसासा भिंतीतूनही आला.

६

पायऱ्या मी कशा उतरले, आठवत नाही. गल्ली आठवते. मावशी टोपलीवर ओणवी होऊन धापा टाकत होती. चपलांचे आजोबा भिंतीला हात लावून उभे होते आणि तोंड मासळीसारखं उघडत-मिटत होते. लख्खूकाका खाली बसले होते, डोळे पुसत, मोठमोठे श्वास घेत. विहिरीच्या तळाला जाऊन वर आलेली माणसं असतात तशी सगळी गल्ली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं," मावशी म्हणाली. माझ्याकडे न बघता. "जरा श्वास कोंडला."

दुकानात बाबा भिंतीला पाठ टेकून बसले होते. ओठ निळे पडले होते. ताटली उपडी झाली होती, टाचण्या जमिनीवर पसरल्या होत्या.

मी त्यांच्यापुढे बसले. खूप ओरडायचं होतं. बाबा, तुम्ही मला सांगितलं का नाही, कुणीच का नाही सांगितलं, इतकी वर्षं काय नुसते बाह्या दुमडत बसलात? तोंडातून एवढंच आलं, "गुदमरला होतात?"

"तंग झाला," बाबा म्हणाले. "म्हणून सोडायचं असतं."

दारात गुरुजी उभे होते, अंगरखा हातांवर आडवा धरून. त्यांचीही छाती वरखाली होत होती.

मी तो त्यांच्या हातातून घेतला. शिवणीत सोडलेलं कापड नव्हतंच, त्यामुळे दोन्ही बाजू उसवल्या आणि उरलेल्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या. रुंद, पाच बोटं, वर आणखी दोन. बाबा उठून मदतीला आले तेव्हा मी त्यांचा हात बाजूला केला.

"हात लावायचा नाही. आजपासून त्याचं सगळं मी शिवणार. तुम्ही पोरांचे गणवेश शिवा, बटणं लावा, काही करा. पण याला शिवायचं नाही."

"अगं, तुला दादाकडे..."

"तुम्ही येणार आहात? आणि मावशी? आणि ते आजोबा? यांना कोण सोडून देणार चार बोटं?"

बाबांनी पोरांचा एक गणवेश पुढे ओढला. त्या कात्रीनंतर पहिल्यांदा मी वादात जिंकले होते, आणि मला ते अजिबात नको होतं.

७

त्यानंतर बाबा भरत गेले. मी हे डोळ्यांनी बघितलं. आधी बाह्या मनगटावर आल्या. मग कॉलर बसायला लागली. एक दिवस त्यांच्या शर्टाचं पोटावरचं बटण तुटून ताटलीत पडलं, आणि मी इतकी हसले की मावशी काय झालं बघायला आली. त्या दिवशी मी अनेक वर्षांत पहिल्यांदा मोठ्या माणसाचा शर्ट सैल केला.

आराम मिळतोय, मी दादाला फोनवर सांगितलं. दूध घेतात. जड कात्री सुटली ना, खांद्याला उसंत मिळाली. हे सगळं खरंच आहे. गाभाऱ्यात काळोख होता, मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला गाठसुद्धा सुटत नाही. मावशीचे ब्लाउज अजून आत घ्यायला येतात, पण त्याबद्दल मी दादाला काही बोलत नाही.

बाबांचं मशीन मात्र आता मी वापरते, भिंतीकडे पाठ करून. बाबा दारापाशी उजेडात बसतात.

काल गुरुजी आले. मी खडू उचलला.

"मागच्यासारखाच?" मी विचारलं. "उजवीकडे उतार जास्त, पाच बोटं सोडून?"

"उजवीकडे आता पुरे," गुरुजी म्हणाले. "तो खांदा थांबलाय. या खेपेला डावा खांदा वाढत्या अंगाचा ठेव."

ते माझ्याकडे बघत नव्हते. चपला शोधत होते, आणि चपला त्यांच्या पायातच होत्या.

ते गेले. बाहेर घंटा वाजली, टाचण्या थरथरल्या आणि थांबल्या. मी कात्री खाली ठेवली. डाव्या हातातली.

"इकडे ये," बाबा म्हणाले.

ते उठले होते. त्यांचा हात हल्ली छान स्थिर असतो. त्यांनी माझ्या कुर्त्याचा डावा खांदा चिमटीत धरला. खूप कापड आलं त्यांच्या चिमटीत. त्यांनी त्यात टाचणी खोचली, गळ्यातला टेप काढला आणि माझ्या पाठीला लावला.

"आत घेऊन देतो," ते म्हणाले. "श्वास सोड, बाळ."

मी सोडला नाही.